धोंडूचा सांगावा

गावकीने जे ठरवलं ते घरोघरी जाऊन सांगायचं काम धोंडूकडे होतं. बापाकडून आलेलं. घरापुढच्या खळ्याच्या कडेला उभं राहायचं, पायरी चढायची नाही आणि आवाज टाकायचा, "गावकीचा सांगावा आहे हो!" की आतली बाई हातातलं टाकून बाहेर येई, म्हातारा विडी विझवी आणि धोंडू सांगेल ते मान हलवून ऐकलं जाई. पालखी कधी निघणार, पाणंद कधी साफ करायची. आणि क्वचित, अमक्याचं घर वाळीत टाकलंय, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या कामाला जायचं नाही. असले सांगावे पोचवताना धोंडू कधी कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. मी आपला सांगणारा, म्हणायचा. ठरवणारे वर बसलेत.

गिरण्यांचा संप झाला त्या साली वैशाखात लेक सुनंदा बाळंतपणाला रत्नागिरीला सिव्हिलमध्ये होती. तिला बघून येताना एस.टी. बंद पडली आणि धोंडू पार दुसऱ्या दिवशी वाडीत पोचला. आदल्या संध्याकाळी देवळात बैठक होती आणि तिचा सांगावा द्यायचा राहून गेला. बैठक आहे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, बायका विहिरीवर तेच बोलत होत्या. पण सांगावा नाही, म्हणून कुणी गेलं नाही. गावकीचा म्होरक्या हरिश्चंद्र गावकर एकटाच देवळात बसला, समईतलं तेल संपल्यावर उठून घरी गेला.

हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. मानकऱ्यांना जमवून त्याने धोंडूला बोलावलं आणि देवापुढे नारळ ठेवून चुकलो म्हणायला सांगितलं. एरवी धोंडूने मुकाट ठेवला असता. पण त्या दिवशी काय शिरलं होतं अंगात कोण जाणे, म्हणाला, गाडी बंद पडली त्यात माझं काय चुकलं? गावकराने मानकऱ्यांकडे बघितलं. कुणाला काही म्हणायचंय का, विचारलं. कुणाला काही म्हणायचं नव्हतं. झालं, धोंडूचं घर वाळीत गेलं.

आणि गंमत बघा, वाडीला हे सांगणार कोण, असं कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी सवयीने धोंडूकडे बघितलं आणि धोंडू सवयीने उठला.

घरोघर फिरला हो तो! स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव सांगत. भिकू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, दोघांची पानतंबाखूची चंची एकच. त्याच्या खळ्यात उभं राहून धोंडूने आवाज टाकला तेव्हा भिकूने नेहमीसारखी चंची पुढे केली आणि विचारलं, कुणाचं घर? धोंडू म्हणाला, माझं. भिकूने मान हलवली, चंची गुंडाळली आणि आत निघून गेला.

धोंडू घरी आला तेव्हा येसूबाई चुलीपुढे होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लाकडं आत सारली.

"तुम्ही सांगितलंच नसतं तर?" ती म्हणाली.

"असं कसं? सांगावा तो."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. बायकोने भांडावं तरी, असं त्याला वाटून गेलं.

पहिले दिवस कसेबसे गेले. आषाढ लागला आणि खरी फजिती सुरू झाली. भाताची लावणी एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आज माझ्या खाचरात सगळे, उद्या तुझ्या, असंच ते होतं. त्यात संपामुळे मुंबईचे चाकरमानी घरी बसलेले, वाडीत माणसांची कमी नव्हती. पण धोंडूच्या खाचराच्या मेरेवर कुणी फिरकेना. तो आणि येसूबाई सकाळपासून वाकायची ती अंधार पडेपर्यंत, तरी एक कोपरा होई. तरवा तयार होऊन पिवळा पडायला लागला होता. अजून आठवडा गेला की ती रोपं लावून उपयोग नव्हता, आणि वर्षाचा भात तेवढ्यावरच होता. रात्री पाठ टेकली की धोंडूला फक्त ते पिवळं रोप दिसायचं.

अशात एके सकाळी काशी पावसाचं इरलं डोक्यावर घेऊन खाचरात उतरली. वरच्या अंगाला एकटी राहणारी विधवा बाई, बोलायला फटकळ. धोंडूच घाबरला. म्हणाला, काशी, तुझ्या खळ्यात मी स्वतः येऊन सांगितलंय.

"सांगितलंत. ऐकलं मी," काशी म्हणाली आणि रोपांची मूठ सोडून लावायला लागली.

तीन बोटं चिखलात, रोप उभं. पुढचं. तिच्या हाताला थांबा म्हणून नव्हता. तरी तीन माणसांनी होऊन होणार किती? शेवटी धोंडू वाकला. नारळ घेऊन देवळात गेला, चुकलो म्हणाला. म्हणताना त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही, इतका तो दमला होता.

गावकर खूश झाला. धोंडूचं घर मोकळं केलं. मग घसा साफ करून म्हणाला, त्या काशीने मात्र गावकीचा शब्द मोडलाय, तिला वाळीत टाकायला हवं. कुणाला काही म्हणायचंय का? धोंडूने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे पिवळा तरवा आला आणि ते मिटलं. बाहेर पडताना त्याने गावकराचा चेहरा बघितला. तोही दमलेलाच म्हातारा होता.

दोन्ही सांगावे धोंडूने त्याच संध्याकाळी पोचवले. स्वतःची त्याला किळस आली होती, पण पाय चालत होते आणि तोंड बोलत होतं. काशीच्या खळ्यातही तो गेला. तिने ऐकलं, बरं म्हणाली आणि कोंबड्या कोंडायला वळली. येसूबाईने रात्री त्याचं ताट वाढलं आणि पाठ फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याचं खाचर माणसांनी भरलं. भिकू तर सर्वांत आधी. चंची पुढे करून, जसं काही झालंच नव्हतं. बायकांची गाणी सुरू झाली. धोंडूने येसूबाईला हाक मारली, पण ती नव्हती. वाकलेल्यांपैकी कुणीतरी पाठ सरळ केली आणि वरच्या अंगाला बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. काशीच्या खाचरात दोन इरली हलत होती.

गाणं थांबलं. भिकू हळू आवाजात म्हणाला, "धोंडू, गावकराला सांगायला हवं."

धोंडूच्या हातात रोपांची मूठ होती. कंबर मोडून आली होती, आणि नुसती आजची नव्हे.

"सांगा की," तो म्हणाला.

"आम्ही?"

"ज्याला सांगायचंय त्याने जावं. मी नाही जात."

भिकूने शेजारच्याकडे बघितलं, त्याने पलीकडच्याकडे. पाऊस इरल्यांवर वाजत होता. कुणीच हललं नाही. गावकराच्या खळ्यात जाऊन उभं राहायचं कसं आणि आवाज टाकायचा कसा, ते कुणाला ठाऊकच नव्हतं. ते धोंडूचं काम. थोड्या वेळाने एक वाकला, मग दुसरा, मग सगळेच पुन्हा लावणीला लागले.

धोंडूला आनंद झाला नाही. उलट इतक्या वर्षांत वाळीत गेलेली एकेक घरं आठवून त्याला मेरेवर बसून रडावंसं वाटलं. काल सांगावा घेऊन न फिरता नुसतं घरी बसला असता तरी पुरलं असतं.

खाचर उरकलं तशी उरलेल्या मुठी टोपलीत भरून तो वर निघाला. मागे वळून बघितलं नाही. काशीने मान वर न करताच विचारलं, "धोंडूदादा, तुमच्या घरी सांगावा नाही पोचला वाटतं?"

"नाही पोचला," धोंडू म्हणाला आणि येसूबाईच्या बाजूला वाकला.