फिलूच्या नावाचा फ्रॉक

नाताळ तोंडावर आला की अंधेरीजवळच्या आंबोलीतल्या लूर्डसची झोप उडायची. सण आनंदाचा, हे पाद्रीबाबानं सांगायला ठीक आहे. ज्या बाईला नणंदा, नणंदांची पोरं, जाऊ आणि सासू या सगळ्यांना काही ना काही घ्यायचं असतं, तिला जाऊन विचारा. एकीला रंग आवडत नाही, दुसरीला दुसरीचाच आवडतो, आणि बोलून कुणी दाखवत नाही, नुसती ईस्टरपर्यंत तोंडं फुगवून बसतात. नवरा इसिडोर सिनेमाच्या स्टुडिओत सुतारकाम करायचा. घराचे पडदे निवडायला सांगितले तरी तो म्हणायचा, तुला काय पटेल ते घे. झालं, सगळा भार बायकोच्या डोक्यावर.

ही गोष्ट देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली तेव्हाची. आंबोलीतून अंधेरी स्टेशनाकडे जाताना तेव्हा वाटेत भाताची खाचरं लागायची, आणि बाजार म्हणजे स्टेशनासमोरची दुकानांची एक रांग, तिथं सगळा गाव एकमेकांना ओळखायचा. त्या ओळखीनंच त्या साली घात केला.

लूर्डसच्या दोन मुली. फिलू थोरली, पण अंगानं बारीक. मोनी धाकटी, पण थोराड. त्यामुळं दोघींना एकच माप लागायचं. फिलू त्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेली. आणि डिसेंबरात लूर्डस कापडाच्या दुकानात पाय ठेवते न ठेवते तोच तो शेटजी सवयीनं म्हणाला, दोघींना एकाच ताग्यातलं फाडू ना? बिचाऱ्याला काय ठाऊक. लूर्डस तशीच मागे फिरली आणि रस्त्यापलीकडच्या नारळवाल्याच्या गाडीला धरून उभी राहिली.  दुसऱ्या दिवशी गेली, तर बांगडीवाल्यानं तेच विचारलं. त्यानंतर बाजाराचं नाव काढलं की ती दुसरंच काम घेऊन बसायची.

शेजारची व्हायोलेट मोठी खटपटी बाई. ती म्हणाली, कशाला जिवाला त्रास करून घेतेस? नणंदांना सगळ्यांना एकसारखे टॉवेल, पुरुषांना एकसारखे रुमाल, पोरींना एकाच ताग्यातले फ्रॉक. मी आणते, तू घराबाहेर पडूच नकोस. कुणी कुरकुरलं तर माझ्याकडे पाठव. आणि खरंच, बाईनं एका सकाळी सगळं आणून टाकलं. लूर्डसला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. इतकं सोपं होतं हे, मग इतकी वर्षं आपण जीव का टांगणीला लावत होतो, असं तिला वाटलं.

आता त्यांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. घरातलं माणूस गेलं की त्यानंतरच्या पहिल्या नाताळला त्याच्या नावानं नवा कपडा घ्यायचा. त्याच वयाचं बाहेरचं कुणीतरी जेवायला बोलवायचं, त्याच्या अंगावर तो कपडा घालायचा, आणि दिवे लागायच्या आत त्याला निरोप द्यायचा. आदल्या दिवशी घरातली म्हातारी तो कपडा मांडीवर घेऊन गेलेल्याचं नाव घेत रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. एकदा नाव पडलं की तो कपडा त्या गेलेल्या माणसाचा. घरातल्या कुणी तो नुसता अंगाला लावून बघायचा नाही. एरवी घरच्यांचे कपडे वेगळे आणि हा वेगळा, त्यामुळं चुकायचा प्रश्नच यायचा नाही.

या वर्षी चंदर शिंप्यानं निळ्या फुलांच्या त्याच कापडाचे, त्याच मापाचे दोन फ्रॉक शिवून दिले. सासू रोझामाय हिनं एक मांडीवर घेऊन फिलूच्या नावानं रोजरी म्हटली. मग लूर्डसनं दोन्ही घडी करून एकाच ट्रंकेत ठेवले. नाताळच्या सकाळी देवळात मिसाच्या प्रार्थनेची घंटा झाली, इसिडोरचा बूट सापडेना, चुलीवर दूध उतू गेलं, आणि त्या धांदलीत जो वर होता तो तिनं मोनीच्या अंगात घातला.

देवळात तिला पहिला धक्का बसला. मोनीनं क्रुसाची खूण डाव्या हातानं केली. फिलू डावरी होती. त्या डाव्या हातापायी तिनं रोझामायचे किती फटके खाल्ले होते. मोनीचा मात्र उजवा हात, जन्मापासून. लूर्डसला वाटलं, पोर बहिणीची आठवण काढतेय. तिनं हळूच तिचा हात हातात घेतला. हात ओल्या मडक्यासारखा गार होता.

दुपारी रीतीप्रमाणं फिलूच्या नावानं जेवायला मंजुळा आली होती, टेकडीमागच्या दगडखाणीतल्या कामगाराची मुलगी. दुसरा फ्रॉक तिच्या अंगावर. आल्यापासून ती लूर्डसला बाई, बाई म्हणत होती आणि पोटभर जेवत होती. तिच्या शेजारी मोनी डाव्या हातानं नेवरी, म्हणजे आपली करंजी, खात होती, आधी नुसती कडा कुरतडून, आतलं सारण ताटात काढून. मोनी तर सारणासाठी जीव टाकणारी. कडा फिलू खायची, आणि सारण गुपचूप बहिणीच्या ताटात सरकवायची. आज तिनं ते दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या पाटावर सरकवून ठेवलं.

रोझामायच्या हातातली वाटी खाली पडली. ती मोनीजवळ गेली, फ्रॉकची आतली शिवण उलटून पाहिली. रोजरी म्हणताना तिच्या डोळ्यातलं पाणी खालच्या दुमडीवर पडलं होतं आणि निळा रंग तिथं किंचित फुटला होता. तो डाग तिथं होता. म्हातारीनं लूर्डसला परसात ओढून नेलं.

"दिवे लागायच्या आत तो उतरव," ती म्हणाली. "नाहीतर ती राहील. आणि एका अंगात दोघी राहत नाहीत, लूर्डस. एकीला जावं लागतं."

कुणाला, हे विचारायची लूर्डसला गरज नव्हती. त्या गार पडत चाललेल्या हातावरून ते कळत होतं. तिला हात-पाय गाळून चालणार नव्हतं. ती मुलीला आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लोटलं, आणि फ्रॉकच्या पाठीच्या बटणांना हात घातला.

आणि मग त्या हातानं ऐकलंच नाही. खरं सांगायचं तर कुठल्या आईच्या हातानं ऐकलं असतं? तिनं बटणं सोडली नाहीत. फणी घेतली आणि मुलीला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरायला बसली. मानेवर पूर्वीसारखी बट आडवी आली, ती तिनं मागे सारली. मुलगी पुढं-मागं डोलत होती, फिलू डोलायची तशी. बाहेर उन्हं परसातल्या आंब्याच्या बुंध्यावर आली.

"आये," मुलगी म्हणाली, "तू नाताळला मला काय घेतलंस?"

आवाज मोनीचाच होता. पण लूर्डसच्या हातातली फणी थांबली. फिलूला काय घ्यायचं, हा जो प्रश्न बाजारात तिला जागच्या जागी उभा करत होता, तोच आता तिच्या मांडीवर बसून विचारला जात होता. आणि आज तिच्याकडे त्याचं उत्तर होतं. ती म्हणाली, हाच फ्रॉक घेतलाय, बघ किती छान दिसतो. निळा तुला आवडतो ना? मुलीनं मान डोलावली. मग लूर्डस सुटलीच. आजारात तू पेज मागितली होतीस आणि मी डॉक्टरचं ऐकून दिली नाही, तू रागावलीस का गं? तुला त्या रात्री थंडी वाजली का? मुलगी ऐकत होती आणि तिच्या ओठांचा रंग उतरत होता. दारावर रोझामायनं थाप मारली. लूर्डसनं थोडं थांब म्हणून सांगितलं. पुन्हा थाप पडली, आणि म्हातारीचा रडवेला आवाज आला की मंजुळेला न्यायला तिची माणसं येतील, ऊन निघून गेलंय.

लूर्डसनं मुलीची पावलं चाचपली. गुडघ्यापर्यंत गार. छातीला कान लावला तर आतलं मोनीचं काळीज दूर कुठं तरी, विहिरीच्या तळाशी असल्यासारखं वाजत होतं. तिनं पहिलं बटण सोडलं.

मुलीनं फ्रॉक घट्ट धरला. "माझ्या नावानं घेतलास ना? मग का काढतेस?"

  लूर्डसनं डोळे मिटले, एकेक बोट सोडवलं, आणि बाही ओढली. मुलगी रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणत राहिली, आये नको, बाहेर थंडी आहे. लूर्डस एवढंच पुटपुटत राहिली, माहीत आहे गं, माहीत आहे मला. तिनं तो फ्रॉक डोक्यावरून काढला तेव्हा तिच्या स्वतःच्या तोंडातून जो हुंदका आला, तो ऐकून बाहेर इसिडोरनं दाराला डोकं टेकवलं.

शमिजवर उभी असलेली पोर शहारली. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि उजव्या हातानं नाक पुसलं. तिला भूक लागली होती. नेवऱ्या कधी देणार, असं तिनं विचारलं. लूर्डसनं तिला इतकं जवळ घेतलं की पोर गुदमरली.

रोझामायनं घाईघाईनं मंजुळेचे कपडे बदलले. नाव पडलेला फ्रॉक तिच्या अंगावर गेला, फडक्यात बांधून नेवऱ्या आणि कलकलाचा गोड खाऊ दिला, आणि ती दाराबाहेर निघाली. म्हातारीनं सगळ्यांना पाठ करून उभं राहायला लावलं. जाणाऱ्याकडे पाहायचं नाही, त्याला ओ द्यायची नाही. इसिडोर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लूर्डस चुलीकडे.

अंगणात पावलं थांबली.

"आये," दारातून हाक आली. "येते हं."

मंजुळेनं दिवसभरात लूर्डसला बाईशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. लूर्डसचं सगळं अंग वळायला निघालं. तिनं मोनीचा खांदा पकडला, ओठ दातांत धरला, आणि विस्तवाकडे बघत राहिली. पावलं पुन्हा वाजू लागली, गल्लीतून खाचरांकडे, मग ऐकू येईनाशी झाली. रोझामायनं दिवा लावला.

"आये, खांदा दुखतोय," मोनी म्हणाली. मग दाराकडे मान वळवून तिनं विचारलं, "ती कोणाला हाक मारत होती?"

लूर्डसनं हात सैल सोडला.

"तिच्या आयेला," ती म्हणाली.