पावणेतीन औंस

डॉक्टरांनी आजोबांचं पाणी दिवसाला दीड लिटरवर आणून ठेवलं होतं. चहा, दूध, सगळं त्यातच. परदेशात मुलाच्या घरात मात्र सगळी मापं औंसांची. सुनेनं बत्तीस औंसांची बाटली काढली, "बाबा, हिला लिटरच धरा. रोज दीड बाटली," म्हणाली आणि कामावर गेली.

घर दिवसभर रिकामं. आजोबांचा जन्म डेअरीच्या काउंटरवर गेलेला. तेव्हा बोलून बोलून घसा कोरडा पडायचा, आता न बोलून पडत होता. एका दुपारी त्यांनी वेळ जावा म्हणून कागद ओढला. लिटरचे औंस पावणेचौतीस. दीड लिटरचे जवळपास पावणेएक्कावन्न. दीड बाटलीचे अठ्ठेचाळीसच. पावणेतीन औंस शिल्लक राहत होते, म्हणजे चहाचा एक छोटा कप.

देवानं आपल्या वाटचं बाजूला काढून ठेवलंय, असं वाटून त्यांनी हात जोडले. हा कप एकट्यानं प्यायचा नाही. तिघं मिळून, टेबलाशी बसून.

संध्याकाळी सून आली तसे ते म्हणाले, "सूनबाई, माझं थोडं पाणी तुझ्याकडे निघतंय. रोजचे पावणेतीन औंस."

तिनं फोनवर पाहिलं. "खरंच की. बाबा, तुम्हाला दुकानात कुणी फसवलं नसेल."

"फसवलं ना. मापात नाही, एवढंच."

ती हसली. त्यांना धीर आला. "म्हटलं, संध्याकाळी चहा टाकू. मी तेवढाच घेईन, तुम्ही पोटभर घ्या."

"मी आत्ताच ऑफिसात घेतला, बाबा," आतून मुलगा म्हणाला.

"आणि मला संध्याकाळी चालत नाही, झोप उडते," सून म्हणाली. "पण तुम्ही आमच्यासाठी अडायचं नाही हं. मी करते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी बाटलीशेजारी छोटा थर्मास होता. आत चहा, मोजून केलेला, साखर बेताची. "हवा तेव्हा घ्या, विचारत बसू नका," असं ती निघताना मायेनं सांगून गेली.

संध्याकाळी दोघं घरी आली आणि आपापल्या खोलीत कामाला बसली. दारं लोटलेली, फटीतून उजेड. आजोबांनी चहा ओतला. माप चोख होतं. तक्रारीला जागाच नव्हती.

त्यांनी समोरची खुर्ची जराशी मागे ओढली.

"बस रे देवा," ते हळूच म्हणाले, "घाई नसेल तर."