आईच्या फळीतलं पेन

लाकडी पेनावर काचेसारखी चकाकी आणायला मी सुपरग्लू वापरते. हो, तोच, तुटलेला कप चिकटवायचा. हे ऐकलं की आप्पांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझे वडील जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांच्या मते लाकडाला तेल पाजावं, नाहीतर त्याच्या वाटेला जाऊ नये. "लाकडाला प्लॅस्टिकची पिशवी घालतेस," म्हणतात. मी म्हणते, तेल लावलेलं पेन घामट हातात सहा महिन्यांत काळं पडतं, माझं वर्षानुवर्षं चकचकीत राहतं. हा वाद आमच्याकडे रोज चहाबरोबर होतो.

पण हे पेन वाद घालण्यासाठी नव्हतं. ताई दुसऱ्या दिवशी रात्री कायमची परदेशी निघणार होती, आणि जाताना तिनं एकच गोष्ट मागितली होती: आईच्या शिलाई मशीनच्या फळीतलं एक पेन. फळी किडीनं पोखरलेली. चार ठिकाणी कापली तेव्हा पेन होईल असा एक धड तुकडा मिळाला. एकच. हा बिघडला तर दुसरा नाही, हे मी घरात तीनदा बजावलं होतं.

तुकडा पितळी नळीवर चिकटवला, लेथवर गोल केला, पॉलिशपेपरनं गुळगुळीत केला आणि जेवून आल्यावर ग्लूचे दहा हात दिले. टिश्यूपेपरवर दोन थेंब घ्यायचे, फिरत्या लाकडावरून एकदाच झरकन न्यायचे, सुकू द्यायचं, पुन्हा तेच. जरा रेंगाळलं की टिश्यू लाकडालाच चिकटतो. दहाव्या हाताला लाकूड असं चमकलं की मी एकटीच हसले.

सकाळी लेथवरून उतरवताना टोकाकडून चकाकीचं सालपट निघालं. नखानं ओढलं तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सरसर येत गेलं. खाली लाकूड तेलकट. नाकाशी धरलं. तेलच! आणि कोपऱ्यात आप्पा, हातात तेलाचं फडकं घेऊन आपली जुनी पटाशी पुसत उभे.

"आप्पा, काय केलंत हे?"

"काय केलं?"

"तेल लावलंत ना याला? काल मी जेवायला गेले, तेवढ्यात लावलंत!"

"अगं, मी त्याला..."

"खोटं बोलू नका! फडकं हातात आहे तुमच्या. राहवत कसं नाही हो तुम्हाला? तुमचं काम संपलंय आता. संपलं! घरात बसा."

आवाज ऐकून ताई धावत आली. तिला पाहून मी गप्प बसायला हवं होतं, पण मला उलट चेवच आला. म्हटलं, "आईचं एवढंसं उरलं होतं. त्याचंही यांनी वाटोळं केलं. यांचा हात लागला की असंच होतं."

आप्पांनी फडक्याची घडी केली, टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले.

मी अजून तडतडतच होते. ताईनं फळीचा उरलेला, किडका तुकडा उचलून हुंगला.

"याला पण लावलंय का त्यांनी?"

"त्याला कशाला लावतील?"

"मग वास कसा येतोय?"

मी तो करवतीनं मधोमध कापला. आतपर्यंत काळपट, आणि तोच वास.

"आप्पा दर रविवारी ही फळी तेलानं पुसायचे," ताई म्हणाली. "आई ओरडायची, अहो, गिऱ्हाइकांचे कपडे डागाळतात. तरी पुसायचे. विसरलीस?"

विसरले नव्हते. डोक्यातच आलं नव्हतं. तेलकट लाकूड ग्लू धरत नाही; आधी ते अ‍ॅसिटोननं, नेलपॉलिश काढतात त्यानं, पुसून घ्यायचं असतं. मला कुणी हे काम विचारलं तर पहिल्यांदा हेच सांगते. पण मशीन कित्येक वर्षं बंद, फळी वाळून खडखडीत झालेली, म्हणून मी ते केलंच नाही. कुणा नवख्यानं ही चूक केली असती तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

राग काही जाईना. आप्पांवरही आला: एवढं ऐकून का घेतलं? टेबलावर हात आपटून ओरडायचं होतं ना माझ्यावर! मग आठवलं, ते बोलत होते, मीच मधे तोडलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

जुनी साल खरवडून काढली. लाकूड चार वेळा अ‍ॅसिटोननं पुसलं, टिश्यूवर पिवळा डाग उमटायचा थांबेपर्यंत. पुन्हा दहा हात, मग ओला बारीक पॉलिशपेपर, मग पॉलिश. या वेळी नख लावून पाहिलं, सालपट निघालं नाही. निब आणि टोपण बसवून दुपारी पेन ताईच्या हातात दिलं. ती नुसती त्यावरून बोट फिरवत राहिली.

आप्पा खिडकीशी उभे होते. मी म्हटलं, "आप्पा, चूक माझी होती. तेल फळीतच होतं. मी उगाच तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"असू दे."

ताईनं पेन पुढे केलं. "बघा ना आप्पा, धरून बघा."

आप्पा वाकले. चष्मा वर सारून त्यांनी पेन या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं. "छान झालंय," म्हणाले. "खरंच छान झालंय."

पण दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले होते, आणि ताईनं कितीही विनवलं तरी ते पुढे आणले नाहीत.