फाटक्या पडद्याचा आवाज

मी एक जुना स्पीकर आहे. आंब्याच्या फळ्यांच्या पेटीत बसवलेला, पुढून कापड लावलेला, मागे दोन तारा लोंबणारा. मित्रांनो, बोलणं हे माझं कामच. पण आजवर मी नेहमी दुसऱ्याचंच बोललो. माइकसमोर कुणी खोकला तर तो खोकलाही मी इमानानं साऱ्या गावाला ऐकवला. आज थोडं माझं स्वतःचं ऐका.

माझं चुंबक आणि थरथरून आवाज काढणारा माझा कागदी पडदा दिल्लीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते ताडकळसच्या सुताराचं अंगण. त्यानं पेटी ठोकली, मला आत बसवलं आणि सुग्रीव टेलरनं आपल्या हातानं माझ्या तोंडावर निळं कापड शिवलं. सुग्रीव टेलरचं मशीन बाजाराच्या रस्त्यावर होतं, पण त्याचं खरं मन गाण्यात होतं. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून मला आणलं ते त्याच्या गायन पार्टीसाठी. तो गायचा, त्याचा दोस्त तात्याराव ढोलकी वाजवायचा, आणि बाबासाहेबांची गाणी मी गावोगाव पोचवायचो. काय गळा होता त्याचा! लोक म्हणायचे, "सुग्रीवचं गाणं ऐकावं तर या पेटीतून." मी जरा फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू.

सुग्रीवच्या घरात एक नियम होता. फाटकं घालायचं नाही, आणि कुणाचं उतरलेलं तर मुळीच नाही. त्याच्या आजानं दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या कपड्यांत जन्म काढला होता. बापानं धम्म घेतला तेव्हा ते सगळं गावाबाहेर नेऊन जाळलं. म्हणून सुग्रीवनं शिलाईमशीन घेतलं. पोराच्या सदऱ्याला खोच पडली की तो समोरचं गिऱ्हाईक थांबवून आधी पोराचा सदरा शिवायचा.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले, आणि काही दिवसांत गावोगाव घरं जळू लागली. त्याच दिवसांत एका गावी आमचा कार्यक्रम होता. दिवस मावळतीला गेला होता, सुग्रीव दुसरं गाणं म्हणत होता, आणि अंधाराकडच्या बाजूनं दगड आले. एक तात्यारावच्या कपाळावर बसला. एक माझं निळं कापड फाडून आत आला आणि माझा पडदा काठापासून मध्यापर्यंत चिरला. सुग्रीवनं एका हातानं तात्यारावला धरलं, दुसऱ्या हातानं मला उचललं आणि शेतातून वाट काढली.

तात्यारावच्या कपाळाला टाके पडले. माझा पडदा मात्र तसाच चिरलेला राहिला. पुढच्या आठवड्यात सुग्रीवनं घरात मला लावून पाहिलं. त्याच्या तोंडातून शब्द निघाला आणि माझ्यातून तो चरचरत, खरवडत बाहेर पडला. त्याची बायको धुरपताबाई चुलीपुढून दचकून उठली. "बंद करा वो ते," ती म्हणाली, "मला तीच दगडं ऐकू येयलीत." सुग्रीवनं मला बंद केलं, वर वाकळ टाकली आणि बाजेखाली सरकवलं. त्यानंतर त्यानं गाणं म्हटलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गळा बसलाय." तो पुढं सोळा वर्षं बसलेलाच राहिला.

बाजेखाली माझे दिवस कसे गेले ते सांगत नाही. माझ्यावर ज्वारीचं पोतं आलं. उंदरांनी मागची एक तार कुरतडली. बोलणाऱ्यानं गप्प बसायचं म्हणजे काय, ते फक्त ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

सुग्रीवचा मुलगा धम्मपाल मोठा झाला आणि परभणीला आयटीआयमध्ये वायरमनचं शिकू लागला. तिथं त्याला दोन दोस्त मिळाले. एक पेडगावचा बन्सीधर, शेतकऱ्याचा मुलगा, समोर येईल ते बडवणारा. मास्तर शिकवत असले तरी त्याची बोटं बाकावर चालूच असायची. दुसरा खलील. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा आणि वरातीपुढं तीच तीच गाणी वाजवून त्याला वीट आला होता. खलीलचा मावसभाऊ दुबईहून एक कॅसेट घेऊन आला. तिघांनी ती ऐकली. खलील म्हणाला, "याला हार्ड रॉक म्हणतेत." त्या गिटारचा आवाज असा होता की कुणीतरी गळ्याच्या शिरा ताणून ओरडतंय आणि तरीही सुरात आहे. तिघं त्या आवाजानं वेडे झाले.

धम्मपालनं जुनी गिटार मिळवली आणि तिला स्वतःच वायर जोडली. खलीलनं दुसऱ्या गिटारीला जाड तारा चढवल्या. बन्सीधरनं बँडचा टाकाऊ ड्रम, तेलाचा पत्र्याचा पिंप आणि पितळी परात मांडली. पेडगावला त्यांच्या शेतात आखाडा होता, म्हणजे जनावरांचा गोठा आणि कडबा ठेवायची जागा. मोटारीची लाइन तिथवर होती. लाइट असेल तेव्हा हे वाजवायचे, आणि लाइट बहुधा नसायचीच. बन्सीधरची आई कमलबाई चहा आणायची. पहिले काही दिवस धम्मपालचा कप वेगळा असायचा. बन्सीधरनं एकदा तो कप उचलून स्वतः तोंडाला लावला आणि आपला त्याच्या हातात दिला. पुढं कमलबाईनं कप वेगळे ठेवायचं सोडलं.

पण आवाज सापडेना. मंडपवाल्याचा ॲम्प्लिफायर होता, स्पीकरही त्याचाच. त्यातून गिटार अशी गुळगुळीत यायची की म्हशीसुद्धा रवंथ करत बसायच्या. "आपण रॉक वाजवायलोत का डोहाळजेवण?" असं बन्सीधर म्हणायचा. दीड-दोन वर्षं असंच चाललं. त्यातच मंडपवाला एकदा लग्नसराईत आपला स्पीकर घेऊन गेला, आणि धम्मपालला बाजेखालची पेटी आठवली.

त्यानं बापाला विचारलं. सुग्रीव मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "फाटलेला हाय तो. काय कामाचा?" धम्मपाल म्हणाला, "बघतो तर." असा मी एसटीच्या टपावर बसून पेडगावला पोचलो. मनातून मी शरमलो होतो. इतक्या वर्षांनी चार माणसांत जायचं, आणि तेही असं तोंड घेऊन.

धम्मपालनं तार जोडली आणि गिटारीवर हात मारला. माझा चिरलेला पडदा थरथरला, कडेला कडा घासली, आणि माझ्यातून जे निघालं ते ऐकून म्हशी उठून उभ्या राहिल्या. धम्मपालनं चटकन तारांवर हात दाबला. मला वाटलं, झालं, आता परत बाजेखाली. मग खलील हळूच म्हणाला, "परत मार." धम्मपालनं परत मारलं. बन्सीधरनं काठ्या उचलल्या. लाइट जाईपर्यंत ते थांबले नाहीत, आणि लाइट गेल्यावर तिघं कडब्यावर पडून नुसते हसत होते. ज्या जखमेची मला इतकी लाज होती तिच्यावर त्या दिवशी तिघा पोरांचा जीव जडला.

त्यांनी पार्टीचं नाव 'आखाडा' ठेवलं. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, वरातीत जायचं नाही, आपलं आपणच रचायचं, असं ठरलं. त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं होतं 'आडनाव'. मित्रांनो, आमच्या भागात नवा माणूस भेटला की दोन वाक्यांत लोक आडनाव विचारतात. ते कळलं की मग चहा कुठल्या कपात द्यायचा ते ठरतं. गाण्यात बन्सीधर आणि खलील मिळून दरडावून विचारायचे, "आडनाव काय तुझं?" धम्मपाल शब्दानं उत्तर द्यायचा नाही. तो गिटारीवर हात मारायचा आणि उत्तर मी द्यायचो. तेच खरवडणारं, चिरलेलं उत्तर. तीनदा विचारायचे, तीनदा मी द्यायचो, आणि तिसऱ्या वेळी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. गंगाखेडला ऊसतोडीवरून परतलेल्या टोळ्यांसमोर ते वाजवलं तेव्हा एक म्हातारी पुढं येऊन माझ्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. परभणीत आनंदाचा मोठा कार्यक्रम ठरला आणि 'आखाडा'ला त्यात एक गाणं वाजवायला मिळणार होतं. औरंगाबादचा एक कॅसेटवाला येणार होता. गाणं आवडलं तर तो त्यांची कॅसेट काढणार होता. तोवर त्यांचं वाजवणं कुणीही टेपवर घेतलेलं नव्हतं. बन्सीधरचं लग्न ठरलं होतं आणि खलीलला हैदराबादला काम मिळत होतं, त्यामुळं जे व्हायचं ते त्याच दिवशी होणार होतं.

सुग्रीवला हे कळलं तेव्हा त्यानं मशीन थांबवलं. "पेटी घरी आणून ठेव," तो म्हणाला, "नवं कापड शिवून देतो. स्टेजवर अशी कशी न्यायची?" धम्मपालला बरं वाटलं. बापानं त्याच्या वाजवण्याबद्दल इतक्या वर्षांत शब्द काढला नव्हता. तो मला ताडकळसला ठेवून परभणीला कामावर गेला.

सुग्रीवनं जुनं कापड उसवलं आणि माझा चिरलेला पडदा पाहिला. त्या चिरेवरून त्यानं बोट फिरवलं. धुरपताबाईला म्हणाला, "पोरगं फाटक्यातून बोलायलंय इतकी वर्षं, अन् म्या घरात बसून लोकांचे कपडे शिवायलोय." दुसऱ्या दिवशी त्यानं मला मांडीवर घेऊन एसटीनं पूर्णेला नेलं. तिथल्या कारागिरानं जुना पडदा काढला आणि नवा कोरा बसवला. मित्रांनो, तुम्हाला खरं सांगतो, मी आनंदात होतो. माझा आवाज परत लख्ख झाला होता. मला वाटलं, आता धम्मपाल मला डोक्यावर घेऊन नाचेल.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सुग्रीव स्वतः मला स्टेजवर घेऊन आला. अंगात पांढरा कडक सदरा, आणि मला नवं निळं कापड. "ऐक आता," तो म्हणाला, "पूर्णेला जाऊन नवा पडदा टाकून आणलाय. चरचर न्हाई का फरफर न्हाई. त्या दगडाचं आता काई ऱ्हायलं न्हाई."

धम्मपालनं गिटारीला हात लावला. माझ्यातून गोड, स्वच्छ सूर निघाला. त्याचा चेहरा पाहिला आणि माझा आनंद जागच्या जागी मेला.

"कसं हाय?" सुग्रीवनं विचारलं.

"लय चांगलं झालं आबा," धम्मपाल म्हणाला.

सुग्रीव खाली जाऊन पहिल्या रांगेत तात्यारावशेजारी बसला. स्टेजच्या मागं बन्सीधरनं खिशातून दाढीची पत्ती काढली. "एका मिनिटाचं काम हाय," तो म्हणाला. "मागून उघडतो अन् चिरतो. कुणाला कळायचं न्हाई."

धम्मपालनं पत्ती हातात घेतली आणि स्टेजच्या कनातीच्या फटीतून बाहेर पाहिलं. सुग्रीव तात्यारावला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता, आणि कपाळावर टाक्यांचा वण असलेला तो म्हातारा मान डोलावत होता.

"आवाज निघाला की त्याला कळंल," धम्मपाल म्हणाला. "त्याच्यासमोर त्याचं शिवलेलं म्या कसं फाडू?"

"अन् गाणं?" खलीलनं विचारलं.

धम्मपालनं पत्ती परत दिली.

गाणं झालं. दोघांनी दरडावून विचारलं, "आडनाव काय तुझं?" आणि मी गोड आवाजात उत्तर दिलं. दुसऱ्यांदा विचारलं, मी आणखी गोड बोललो. मी जीव तोडून थरथरण्याचा प्रयत्न केला, पण माझ्या कोऱ्या पडद्यात अडखळायला काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या वेळेपर्यंत मागच्या रांगांतली माणसं शेंगा खात बोलायला लागली होती. शेवटी टाळ्या पडल्या, रीतीप्रमाणं पडतात तशा. कॅसेटवाला खाली उतरताना म्हणाला, "पोरं हुशार हाईत. लग्नाच्या सीझनला या, ऑर्केस्ट्रात घेतो."

सुग्रीव स्टेजवर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "आज अक्षर न् अक्षर कळालं," तो म्हणाला. "तुला कसं वाटलं?"

"लय चांगलं वाजलं, आबा."

त्यानंतर 'आखाडा' परत जमला तो एकदाच. त्यांनी भंगारातून एक स्पीकर आणला, त्याला पत्तीनं चिरलं आणि वाजवून पाहिलं. तो नुसताच फाटका वाजला. बन्सीधरचं लग्न झालं, खलील हैदराबादला गेला. मला सुग्रीवनं घरी आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात तो माझ्यासमोर बसून गायला. सोळा वर्षांनी त्याचा गळा उघडला. आता दर पौर्णिमेला विहारात तो गातो, तात्याराव ढोलकी धरतो, धुरपताबाई पुढं बसून ऐकते. तो गायला लागला की मलाही बरं वाटतं, ते नाकारत नाही.

मागच्या महिन्यात धम्मपाल घरी आला होता. सुग्रीव म्हणाला, "अरे, तुझं ते आडनावाचं गाणं वाजव की. पेटी तर आता ठणठणीत हाय." धम्मपाल म्हणाला, "वाजवतो की, बगू." मग त्यानं फडक्यानं माझी पेटी पुसली आणि दुपारची एसटी धरली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आमची डागडुजी करा. मीही इतकी वर्षं तेच मागत होतो. आज एवढंच सांगतो, कुणाचं काही दुरुस्त करायला घ्याल तेव्हा आधी ते वापरणाऱ्याला विचारा. आणि कुणी मायेनं तुमचं काही दुरुस्त करून दिलं आणि त्यात तुमचं काही गेलं, तर ते त्याला सांगा. सुग्रीव रागावला नसता. दुखावला असता, दोन दिवस जेवला नसता, पण रागावला नसता. धम्मपालला बापाचं मन मोडायचं नव्हतं आणि बापाला पोराचा आवाज नीट करायचा होता. दोघांनीही एकमेकांना जपलं, आणि त्या तीन पोरांचं गाणं आता कुठंच ऐकायला मिळत नाही.