आईच्या नावावरची खुर्ची

मी विमानतळावरची चाकांची खुर्ची बोलतेय. हो, तीच, जिच्याकडे तुम्ही बघून न बघितल्यासारखं करता आणि आपली बॅग ओढत पुढे निघून जाता. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी गरज पडू नये असंच प्रत्येकाला वाटतं, आणि खरं सांगायचं तर मीही देवाजवळ तुमच्यासाठी तेच मागते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या वाकवल्या, जोडल्या, वर काळं रेक्झिन ताणून बसवलं. शेवटचे नटबोल्ट आवळणाऱ्या बाईनं माझ्या बैठकीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाली, "कुणाला पाडू नकोस गं बाई." तिनं सहजच म्हटलं असेल. मी मात्र ते व्रतासारखं धरून बसले. बसणारा जाड असो, रडका असो, शिव्या देणारा असो, त्याला पडू द्यायचं नाही. आजवर ते व्रत मोडलेलं नाही.

इथे आल्यावर माणसं फार जवळून पाहिली. एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. माणूस माझ्यावर बसला की बाकीचे त्याच्याशी बोलायचंच सोडून देतात. "यांना पाणी हवंय का?" असं त्याच्या डोक्यावरून मागच्याला विचारतात. पाय अधू झाले म्हणजे कानही गेले, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

माझ्या मागे असतो तो एक बडबड्या माणूस. सगळे त्याला रेडिओ म्हणतात, कारण तो सकाळी सुरू झाला की बंद होत नाही. पण हात हलका. उंबरठा आला की आधी सांगतो, "जरा हादरा बसेल हं."

ज्याची गोष्ट सांगायची आहे त्या मुलाला मी आधीपासून ओळखत होते. मुलगा म्हणजे चांगला कमावता, शहाणासुरता तरुण. चकचकीत बूट, हातात एवढीशी बॅग, कानात बोलायचं यंत्र आणि पायांना भिंगरी. दर आठवड्याला कुठे ना कुठे जायचा. एकदा त्याची बॅग माझ्या पायटेकूला आपटली. मान वर न करता तो "सॉरी हं, आजी" म्हणाला आणि पुढे गेला. मी रिकामी होते.

त्या दिवशी सकाळी मात्र तो चक्क माझ्यापाशी येऊन थांबला. बरोबर त्याची आई होती. ठेंगणी, स्वच्छ, ओठांवर सतत काहीतरी पुटपुटणं. देवाचं नाव असावं.

"ही कुणासाठी?" आईनं विचारलं.

"तुझ्यासाठी."

"माझ्या पायांना काय झालंय?"

"काही नाही गं. तुझं दार त्या टोकाला आहे आणि माझं या टोकाला. मला मध्येच मिटिंग आहे. एवढ्या मोठ्या इमारतीत तू हरवशील. हे काका नीट पोचवतील तुला. रांगेतही उभं राहायला नको."

"म्हणजे मला चालता येत नाही असं सांगितलंस?"

"सांगितलं कुठे? तिकीट काढताना एका चौकोनात बोट टेकवायचं असतं, बस."

आई बसली, पण कशी? अगदी कडेला, पाहुण्यासारखी. निम्मं वजन तिनं स्वतःच्याच पायांवर तोलून धरलं होतं. माझ्यावर कितीतरी माणसं बसली, पण बसूनही उभी असलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मला लाज वाटली. मला कुणी उचलून चुकीच्या घरी नेऊन ठेवावं, तशी.

मुलगा दहा पावलं मागे राहून यंत्रात बोलत चालू लागला. रेडिओनं गप्पा सुरू केल्या.

"गुडघे का, मावशी?"

"नाही हो."

"मग कंबर असणार. थंड फरशीवर बसू नका."

"कंबरही बरी आहे."

"मग दुखतंय तरी काय?"

"मुलगा," आई म्हणाली. मग स्वतःच दचकून म्हणाली, "म्हणजे, तो कामात असतो हो फार. मी तीन महिने राहायला आले होते. आता त्याला फिरतीवर जायचंय, म्हणून मला आधीच परत पाठवतोय. एकटी काय करशील म्हणाला. चांगला आहे हो तो. काळजी करतो." थोडा वेळ ती पुटपुटत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पण आता पुन्हा नाही यायची मी. देवानं धडधाकट पाय दिलेत आणि त्यांना लुळं म्हणवून मिरवायचं! शोभत नाही."

हे मुलाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

तपासणीच्या रांगेपाशी आलो तर खांबाला टेकून एक काठीवाले आजोबा उभे होते. एक पाय जमिनीला जेमतेम टेकलेला, कपाळावर घाम. काउंटरवरची मुलगी त्यांना सांगत होती, "आजोबा, थोडं थांबा ना. खुर्च्या संपल्यात. एखादी मोकळी झाली की देते."

"थांबतोच आहे बाळ. पाय थांबत नाही ना," आजोबा म्हणाले.

"थांबवा!" आई एकदम म्हणाली. रेडिओनं ब्रेक लावला.

"मावशी, खुर्ची तुमच्या नावावर आहे."

"नावावर असली म्हणून काय झालं? पाय माझ्या नावावर नाहीत का?" असं म्हणून ती ताडकन उठली. कशाचा आधार नाही की काही नाही.

रांगेतल्या मागच्या एका बाईनं आवाज टाकला, "चमत्कार झाला बघा! पांगळ्या आल्या आणि चालत निघाल्या!" कुणी खिदळलं. दुसरा म्हणाला, "रांग टाळायला काय काय सोंगं करतात लोक!"

आईचा चेहरा लालबुंद झाला. मुलगा धावत आला.

"आई, बस ना. लोक बघतायत."

"बघू देत. बघण्यासारखंच केलंय आपण."

"आपण" म्हणाली ती. "तू" नाही म्हणाली. मला वाटतं, त्या एका शब्दानं त्याचे कान तापले.

आजोबांना माझ्यावर बसवलं. ते पूर्ण बसले, सगळ्या वजनानिशी, आणि असा काही सुस्कारा सोडला की माझी सगळी लाज धुऊन निघाली. त्यांचं विमानही तेच होतं, आईचं. रेडिओ डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, मला नाव बदलून आणावं लागेल, नाहीतर माझी खरडपट्टी निघेल. तुम्ही यांना दारापर्यंत नेता का? सरळ रस्ता आहे."

आणि अशा तऱ्हेनं दर आठवड्याला माझ्यावरून नजर फिरवून जाणाऱ्या त्या मुलाचे हात माझ्या दांड्यांवर आले. ओलसर होते. यंत्र कानात चालूच होतं.

"बाळा," वाटेत आजोबांनी विचारलं, "तिथं स्वच्छतागृह दिसतंय. जाऊन येऊ का?"

"हो हो, नक्की," मुलगा म्हणाला, "पण आधी आकडे पाहू. घाई नको."

आजोबांनी वळून पाहिलं. आईनंही पाहिलं. "माझे आकडे काय पाहतोस रे?" आजोबा म्हणाले आणि पोट धरून हसायला लागले. मुलानं यंत्र कानातून काढलं, खिशात घातलं. कुणाला काही न सांगता. तिकडे कुणीतरी बोलतच राहिलं असेल.

परत आल्यावर आजोबांनी चौकशी केली. "काय काम करतोस?"

"कंपन्यांना सल्ला देतो."

"कसला?"

"म्हणजे... कमी माणसांत काम कसं भागवायचं, त्याचा."

"तरीच!" आजोबा म्हणाले. "खुर्च्या ढकलायला माणूस मिळत नाही!"

आई हसली. मुलगाही हसला, पण त्याचं हसू ओठांवरच थांबलं.

दारापाशी पोचलो. आजोबांना डुलकी लागली. आई शेजारच्या बाकावर बसली, मुलगा तिच्या बाजूला. बराच वेळ दोघं समोरच्या काचेतून विमानांकडे बघत राहिले. मग आईच म्हणाली, "तुला एक गंमत सांगू? तुझ्या त्या आकड्यांच्या कुलपानं माझी फजिती केली. कचरा टाकायला खाली गेले, वर आले तर दार बंद. आकडे आठवेनात."

"कधी?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. जिन्यात बसून राहिले."

"फोन करायचास ना!"

"फोन आत."

"मग मी येईपर्यंत बसलीस?"

आईनं पदराचं टोक उगाच सारखं केलं. "तू आतच होतास रे. ठोठावलं मी. तुझ्या कानात ते घातलेलं होतं."

 मुलाला आठवलं असावं. कारण तो म्हणाला, "आणि मी दार उघडलं तेव्हा तुला ओरडलो. न सांगता कुठे गेली होतीस म्हणून."

"मी म्हटलं, पायऱ्या चढउतार करत होते. व्यायाम!" आई हसली. "त्यानंतर बाहेरच पडले नाही. कशाला उगाच?"

मी माणूस असते तर त्या क्षणी दुसरीकडे तोंड फिरवलं असतं. मुलाची मान खाली होती. तो बुटांच्या चकचकीत टोकांकडे बघत होता.

"आई, ही फिरती मला घ्यायलाच हवी होती असं नाही," तो म्हणाला. "साहेबांनी विचारलं, कोण जाईल? मीच हात वर केला."

आई त्याच्याकडे वळून बसली.

"मला वाटायचं, फिरतीची नोकरी म्हणजे जग बघायला मिळणार. मित्रांना किती सांगितलं होतं! बघतो काय? खोलीत शिरलं की दिव्याचं बटण कुठे आहे ते शोधतो. सकाळी उठलं की कुठल्या गावात आहे ते आठवतो. तरी जातो. कारण घरी राहिलं की मला काही करताच येत नाही. तू समोर येऊन बसायचीस आणि मला बोलायला काही सुचायचं नाही. तुझ्याशी! लाज वाटायची. मग मिटिंग आहे असं सांगून दार लावून घ्यायचो. पुष्कळदा मिटिंग नसायचीच."

एवढं बोलून तो थांबला. इथे रडणारी माणसं मी रोज बघते. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"अरे वेड्या," आई म्हणाली, "बोलायचं कशाला होतं? मला तरी कुठे काय बोलायचं होतं? तू मागवलेल्या भाजीत मटार आले होते पिशवीभर. म्हटलं, तू आलास की दोघं मिळून सोलू. तेवढंच."

"मग?"

"मग काय? मीच सोलले. तू खाल्लेस की!"

कुठूनतरी त्याच्या विमानाची हाक झाली. लगेच दुसऱ्यांदा झाली. आई त्याला ढोसू लागली. "ऊठ, पळ. चुकेल."

"तुझी रांग लागू दे."

"तुझं नुकसान होईल."

"होऊ दे."

तेवढ्यात रेडिओ धापा टाकत आला. दारावरच्या बाईनं आधी खुर्चीवाल्यांना बोलावलं. तिनं आईलाही खुणावलं, यादीत तिचं नाव अजून तसंच होतं. आईनं दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. आजोबांना विमानात सोडून रेडिओनं मला परत दारापाशी आणलं, तोवर आई सगळ्यांच्या मागे, रांगेच्या शेपटीला जाऊन उभी राहिली होती. मुलगा तिची पिशवी धरून तिच्याबरोबर एकेक पाऊल सरकत राहिला. दारापाशी पिशवी हातात घेताना ती म्हणाली, "दाराला साधी किल्ली असती ना, तर मी खालच्या बागेपर्यंत तरी गेले असते."

बस, एवढंच. येईन म्हणाली नाही. येणार नाही असंही म्हणाली नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर मुलगा या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटला. विमान मिळालं की चुकलं, मला माहीत नाही. चुकलं असेल तर त्याची बोलणी त्यानं खाल्ली असतील. ती पचण्यासारखी असतात. स्वतःच्याच मनाची बोलणी पचायला वेळ लागतो.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. माझं डावं चाक कुरकुरू लागलंय आणि एका हातटेकूचं रेक्झिन उसवलंय. मुलगा अजून जातो-येतो, पण पूर्वीइतका नाही. मी दिसले की त्याची चाल मंदावते आणि नजर खाली जाते. एकदा कुणीतरी मला वाटेत आडवी सोडून गेलं होतं. त्यानं मला बाजूला घेतलं, ब्रेक लावला आणि पायटेकू नीट दुमडून ठेवला. लाज माणसाला कधीकधी हातांतून फुटते, हे मी तेव्हा पाहिलं.

परवा रेडिओनं त्याला अडवलंच. "काय साहेब, मावशी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. मी दाराचं कुलूप बदललं. किल्लीचं बसवलं. एक किल्ली तिला पाठवलीय."

"मग? येतायत?"

"'बघू' म्हणाली."

"अहो, आईचं 'बघू' म्हणजे..." रेडिओ बोलता बोलता थांबला. रेडिओ थांबला! "तुम्ही पुन्हा विचारा," तो म्हणाला.

"रोज विचारतो," मुलगा म्हणाला आणि गेला.

बायांनो, बाबांनो, मला फारसं मागायचं नाही. ज्याचे पाय थकलेत त्यानं माझ्यावर हक्कानं बसावं, निम्मं वजनही स्वतःकडे ठेवू नये. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्या आईचे पाय धड आहेत तिला तुमच्या घाईपायी माझ्या हवाली करू नका. तिच्या चालीनं चाला. उशीर होईल, तेवढा होऊ दे.

आणि ती किल्ली तिकडे देवापुढे ठेवलेली असू नये, निघायच्या तयारीनं कमरेला लावलेली असावी, एवढंच मी रोज मागते. रेडिओ हाक मारतोय. कुणीतरी थकलेलं आलंय. येते मी.