वरचं फाटक

एकाच घरात एकाच वर्षी शिकारीचे दोन परवाने लागले, तेव्हा व्हर्लिन स्टोकीनं आपल्याला काय काय मिळणार याचा हिशेब लगेच मांडला. दोन हरणं म्हणजे जून उजाडेपर्यंत फ्रीजर भरलेला, आणि बायकोची अकरा वर्षांची कुरकुर बंद. सोडतीत त्याचा नंबर दर तीन-चार वर्षांनी लागायचा. बायकोचा, लोर्नाचा, अकरा वर्षांत एकदाही लागला नव्हता. यंदा लागला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्याचा, दुसरा तिचा. अडचण एवढीच की लोर्नाचे गुडघे गेलेले. गाडी थेट वरच्या माळापर्यंत गेली तरच तिची शिकार. नाहीतर नऊ मैलांचा चढ, म्हणजे परवाना चौकटीत घालून भिंतीवर लावायचा.

गाडीचा रस्ता एकच, डॉमिनिक इरिबार्नच्या खालच्या फाटकातून. डोंगर सरकारी. त्यावरची हरणं सगळ्यांची, पण चराई डॉमिनिकच्या बापापासून त्यांच्याच नावावर, आणि पायथ्याची चिंचोळी पट्टी त्यांच्या मालकीची. त्यानं कुलूप घातलं तरी डोंगर सगळ्यांचाच राहतो, फक्त तिथं कोणी पोचत नाही.

डॉमिनिकचा संशय हा स्वभाव म्हणावा की धंदा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडीची चाकं जाताना किती रुतली आणि येताना किती, हे तो वाकून बघतो. शिकारीच्या दिवसांत मात्र स्वतः वर जात नाही. "लांबून मी हरणासारखाच दिसतो," म्हणतो. खाली पाण्याच्या डोणीपाशी दुर्बीण घेऊन बसतो आणि उतरलेली गुरं मोजतो.

मी गावात शिकारीचं मांस कापून, बांधून देते. त्या शनिवारी दुपारी व्हर्लिनच्या पिशव्या माझ्या ओट्यावर होत्या. अख्खं धूड डोंगरावरून वाहण्यापेक्षा त्यानं हाडं तिथंच काढून मांस कापडी पिशव्यांत भरून आणलं होतं. सोबत शिंगं, त्यांना परवान्याची चिठ्ठी बांधलेली. तो आणि लोर्ना बाकावर बसून सोमवारच्या बेतावर भांडत होते. तेवढ्यात डॉमिनिक टोपी न काढता आत आला.

"ओपल, हे मांस कोणाचं?"

"व्हर्लिनचं."

"व्हर्लिनचं असतं तर चरबी दुप्पट निघाली असती," लोर्ना म्हणाली.

डॉमिनिक हसला नाही. त्यानं एक पिशवी बोटानं दाबली, मग दुसरी, मग पाचही मोजल्या.

"माझ्या तीन कालवडी कमी आहेत."

व्हर्लिन उठलाच. "तीन? आणि मी एकटा? पाठीवर घालून आणल्या का रे?"

"एक तू. बाकीच्या दोघींचं नंतर बघू."

"डोळे आहेत ना? ही शिंगं बघ!"

"बघितली. शिंगं हरणाची म्हणून मांसही हरणाचं, असं कोणी सांगितलं?"

दोघं साठीचे, एकाच शाळेत शिकलेले, आणि माझ्या सुऱ्या हाताशी. मी मध्ये पडले. मांडीच्या तुकड्यावरची चरबी खरवडून डॉमिनिकच्या तळहातावर ठेवली. हरणाची चरबी मेणासारखी पांढरी, बोटात चुरा होणारी. गवतावर वाढलेल्या गाईची पिवळसर, चिकट. त्यानं ती चोळली, हुंगली, जिभेवर ठेवली. मग बाकीच्या चारही पिशव्यांतून मला चरबी काढायला लावली आणि तीही चाखली.

"बरं," तो म्हणाला.

इरिबार्नांच्या घरात यालाच माफी म्हणतात. व्हर्लिननं ती घेऊन गप्प बसायला हवं होतं. सोमवारी लोर्ना डोंगरावर असती. पण निर्दोष ठरलेल्या माणसाला तेवढ्यानं भागत नाही, त्याला कौतुकही हवं असतं.

"बरं काय, बरं?" तो म्हणाला. "गेल्या साली तारेत अडकलेलं तुझं वासरू सोडवलं कोणी? आणि या मंगळवारी? तुझं वरचं फाटक सताड उघडं! ते रेनो शहरातले पांढऱ्या पिकपवाले शिकारी फिरतायत ना, त्यांचंच काम. मी उतरलो, लावलं, वर तार पिळून पक्कं केलं. सरकारची पाटीच आहे तिथं, फाटक लावा म्हणून."

मी सुरी खाली ठेवली. लोर्नानं डोळे मिटले.

आमच्याकडचं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं: फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. व्हर्लिनलाही ते येत होतं. पण त्याला परक्यांचा संशय आला, आणि संशयापुढे शिकलेलं टिकलं नाही. ऑक्टोबरात वरचा झरा आटतो. डॉमिनिक दर वर्षी ते फाटक स्वतःच्या हातानं उघडून ठेवतो, म्हणजे मागं राहिलेली गुरं आपापली खालच्या डोणीवर उतरतात.

"मंगळवारी," डॉमिनिक म्हणाला. आज शनिवार होता.

चौघंही त्याच्याच गाडीतून गेलो. वरच्या फाटकाशी दोन कालवडी उभ्या होत्या, कुशी आत गेलेल्या, गजांवर मान टेकून. तिसरी कुंपणात होती. खालच्या पाण्याचा वास घेऊन तारेतून घुसली होती आणि तिथंच राहिली. कावळ्यांनी डोळे नेले होते. व्हर्लिननं पिळलेली तार व्हर्लिनलाच सोडवावी लागली, आणि ती खरंच पक्की होती. दोघी आमच्याकडे न बघता उतारानं निघून गेल्या.

"चोरी केली असतीस तर परवडलं असतं," डॉमिनिक म्हणाला. "चोरावर केस करता येते. तुझं काय करू?"

"माझ्यासाठी कुलूप घाल. पण लोर्नाचा आठवडा जाऊ दे."

"माझ्या नावानं भीक मागू नकोस," लोर्ना म्हणाली.

डॉमिनिक तिच्याकडे वळला. "तुझ्यावर राग नाही, लोर्ना. पण तुला वर सोडायला गाडी हाच चालवणार ना?"

"मी चालवीन."

"मग प्रत्येक फाटकाला खाली उतरणार कोण?"

लोर्ना आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. व्हर्लिन तारेचा तुकडा हातात घेऊन उभा होता. उत्तर तिघांनाही ठाऊक होतं, आणि चौथी मी.

रविवारी खालच्या फाटकाला कुलूप लागलं, आणि ते कोणा एकासाठी लावता येत नाही. डॉमिनिकची एक कालवड गेली. एरवी मोसमात माझ्या ओट्यावर सव्वीस हरणं येतात, यंदा नऊ आली. म्हणजे सतरा शिकारी हात हलवत परतले, त्यांचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता. लोर्नाचा परवाना मोसमाच्या शेवटच्या दिवशी कोरा राहिला, आणि नंबर एकदा लागला की साठलेली वर्षं पुसली जातात, म्हणून पुढची सोडत तिला पुन्हा पहिल्यापासून. व्हर्लिनला त्याचं हरीण पूर्ण मिळालं, बासष्ट पाकिटं, मीच बांधली. लोर्ना त्यातलं एकही चुलीवर चढवत नाही. तो स्वतः शिजवतो आणि एकटा खातो.