ठमी आणि मधली काच

मी स्वयंपाकघर आणि ठमीची खोली यांच्या मधल्या भिंतीतली एक जुनी काच आहे. मित्रांनो, माझ्या पोटात काचेचे चार पापुद्रे आहेत आणि त्यांच्यामध्ये पारदर्शक खळीसारखा थर. आग लागली की तो फुगतो, मी पांढरीफटक होते आणि धग अर्धा तास अडवते.

घराची दुरुस्ती निघाली तेव्हा ठमीच्या आईने मला आणवलं. पोळ्या लाटताना लेक नजरेसमोर हवी होती, आणि गॅसची भीतीही वाटायची. भिंतीतली चौकट निघाली लहान. सुतार म्हणाला, "ताई, हिच्या कडेची पट्टी काढतो, मग बसेल."

"पट्टीला हात लावू नका, आतल्या थराला ओल लागेल. भिंत तासा."

"काचेसाठी भिंत? उलटाच कारभार." पण तासली त्याने.

पुढे माझं कौतुक झालं. आई दर दोन मिनिटांनी वर बघायची. ठमीही, काही हवं असलं की, धावत येऊन मला नाक चिकटवायची. तिच्या नाकाचे ठसे अंगावर घेऊन मी अस्वस्थ व्हायचे. तिच्या खोलीचं दार थेट जिन्याकडे उघडतं. पण आग लागली तर ही पोर दाराकडे नाही, माझ्याकडेच येणार, हे मला दिसत होतं. सांगणार कसं?

एका सकाळी कढईतल्या तेलाने पेट घेतला. आईने गॅस बंद केला, वर झाकण ठेवलं. ज्वाळा विझल्या. मी कोमटही झाले नव्हते. आईने वळून पाहिलं, तर ठमी मला नाक लावून उभी.

"आई, परत कर ना."

 आईने माझ्यासोबत आलेला माहितीचा कागद शोधून पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी तिने ठमीला समजावलं, "काच पांढरी झाली की मला शोधायचं नाही. दार उघडून आजोबांकडे जायचं." आजोबा जिन्यात उभे राहिले. मग सराव म्हणून आईने स्वयंपाकघराच्या बाजूने माझ्यावर पांढरी चादर टांगली.

ठमी आलीच. मला टकटक करत म्हणाली, "आई, लपलीस का?"

आईने चादर उचलली नाही. आजोबा म्हणाले, "सूनबाई, लहान आहे गं ती."

"म्हणूनच, बाबा."

रोज चादर, रोज टकटक. सहाव्या दिवशी चादर लागली आणि पलीकडे काहीच वाजलं नाही. जिन्यातून हाक आली, "सूनबाई, आली गं ही."

मित्रांनो, मला पुसा, माझ्या कडा जपा, माझ्या चौकटीत खिळे ठोकू नका. पण मी पांढरी झाले, तर माझ्यापाशी थांबू नका. पलीकडे आई असली तरी.